पेशीतला पुरातन जागल्या

समई देवघरात तेवत असली तर उजेड देते. तीच अंथरुणावर कलंडली तर घर पेटतं. वस्तू तीच, पण जागा चुकलेली. आपल्या शरीरातल्या पेशी शत्रू ओळखताना असाच एक नियम वापरतात.

केंद्रक असलेल्या आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. तो जवळजवळ सगळा केंद्रकात नीट गुंडाळून ठेवलेला असतो. केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात तो सहसा सापडत नाही. कांजिण्या, नागीण आणि एके काळची देवी या रोगांच्या विषाणूंकडेही डीएनएच असतो. त्यांची आणि आपली चार अक्षरं तीच. मग परका ओळखायचा कसा? पेशीचं उत्तर साधं आहे : पेशीद्रवात डीएनए दिसला, की धोका आहे असं समजायचं.

ही राखण करणारा जागल्या 2012 च्या अखेरीस सापडला. अमेरिकेत डॅलस इथे झिजियान चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीगॅस नावाचं विकर शोधून काढलं. विकर म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. सीगॅसला डीएनए भेटला, की ते कड्याच्या आकाराचा एक छोटा रेणू बनवतं. हा निरोप्या ‘स्टिंग’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडे जातो. स्टिंगची ओळख 2008 सालीच पटली होती. ते जागं झालं, की पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. लशीमुळे येणारी प्रतिकारशक्ती कमावलेली असते. ही मात्र जन्मजात. या शोधासाठी चेन यांना 2024 चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण ही व्यवस्था आली कुठून? याचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला, कॉलऱ्याच्या जंतूत. 1961 साली सुरू झालेल्या सातव्या जागतिक साथीच्या कॉलरा-जंतूत सीगॅसच्याच घराण्यातलं एक विकर असल्याचं 2012 मध्ये दिसलं होतं. ते तिथे काय करतं, हे कळायला 2019 साल उजाडलं. जिवाणूंनाही विषाणू गाठतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने दाखवलं, की असा विषाणू शिरला की हे विकर तसाच निरोप्या रेणू बनवतं आणि जिवाणू स्वतःला संपवतो. विषाणूची पिल्लावळ तयार होण्याआधीच घर मोडलं, की बाकीची वस्ती वाचते. पुढे 2020 मध्ये स्टिंगचे भाऊबंदही जिवाणूंत सापडले.

मधले दुवेही मिळाले. समुद्रफूल नावाच्या प्राण्याची आणि आपली वंशरेषा 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्याच्याकडे स्टिंग आहे, पण इंटरफेरॉन नाही. ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत आलं. फळमाशीतला सीगॅसचा भाऊ डीएनए सोडून विषाणूंचा आरएनए ओळखतो, हे 2021 मध्ये कळलं. निरोप पोचवण्याची पद्धत जुनीच राहिली. पहारा कशावर ठेवायचा आणि हाक ऐकल्यावर काय करायचं, हे मात्र बदलत गेलं.

या वारशाची किंमतही आहे. जागल्या डीएनएची जागा पाहतो, मालक पाहत नाही. आपलाच डीएनए बाहेर सांडला, तर तो आपल्यावरच उलटू शकतो. म्हणून ट्रेक्स-1 नावाचं विकर असे सांडलेले तुकडे झाडून काढतं. आई आणि वडील दोघांकडून त्याचं सदोष जनुक आलं, तर बाळाला एकार्डी-गुतिएर नावाचा दुर्मीळ आजार होऊ शकतो. मेंदूला गर्भातच विषाणूचा संसर्ग झाल्यासारखी लक्षणं दिसतात, पण विषाणू नसतोच. चोर नसताना उठलेली हाकाटी त्या तान्ह्या जीवाला भोवते.

वटवाघळांनी इथे वेगळी तडजोड केलेली दिसते. त्यांच्या स्टिंगमध्ये एका मोक्याच्या जागचा घटक बदललेला असून त्यामुळे हाक सौम्य होते, असं 2018 मध्ये आढळलं. उडण्याच्या प्रचंड श्रमात पेशींची झीज होऊन डीएनए सांडत असावा आणि दर वेळी दाह उसळू नये म्हणून हे झालं असावं, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. अनेक विषाणू बाळगूनही वटवाघळं धडधाकट राहतात, त्यामागचं हे एक कारण असू शकतं.

वंशावळीचा हा अभ्यास दवाखान्यातही उपयोगी पडतो. डीएमएक्सएए नावाच्या औषधाने उंदरांतल्या कॅन्सरच्या गाठी विरघळल्या; माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत ते निष्प्रभ ठरलं. कारण 2013 मध्ये उघड झालं : हे औषध उंदराच्या स्टिंगला चिकटतं, माणसाच्या नाही. दोन्ही प्रथिनं एकाच कुळातली. पण कुलूप थोडं बदललं होतं आणि किल्ली जुनीच फिरवली जात होती. आज कॅन्सरविरुद्ध हा जागल्या उठवणारी आणि अकारण दाहाच्या आजारांत त्याला शांत करणारी, अशा दोन्ही प्रकारच्या औषधांचा शोध सुरू आहे. त्याला कुठे उठवायचं आणि कुठे निजवायचं, हे ठरवताना त्याचा पूर्वेतिहास जाणून घ्यावाच लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)