फी माफ आहे, पण आज झोपायचं कुठं?

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वेदीपुढे भोपळे आहेत, भाताच्या पेंढ्या आहेत, नागलीची कणसं आहेत. नागली सुरगाण्याहून आली आहे. त्याच तालुक्यातल्या एका मुलीबद्दल मला बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी ती बारावी सायन्स झाली. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या एका कॉलेजात तिला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि जुलैत एका दुपारी ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. मी अगदी खुशीत सांगितलं, "फीची काळजी सोडा. अनुसूचित जमातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की फी शासन भरतं. आदिवासी विभागाचं वसतिगृह आहे. तिथं जागा नाही मिळाली तर स्वयं योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यावर येतात." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठता उठता विचारलं, "ताई, पण आज हिनं झोपायचं कुठं?"

मी म्हणाले, वसतिगृहाची यादी लागेलच.

यादी लागली तेव्हा कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झाले होते आणि तिचं नाव त्यात नव्हतं. तोवर तिनं तीन मुलींबरोबर खोली घेतली होती. खोलीची अनामत, डबा, बसचा पास, प्रॅक्टिकलच्या वह्या यासाठी वडिलांनी द्राक्षबागेच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. उचल म्हणजे काय हे आपल्यातल्या दिंडोरी-निफाडच्या मंडळींना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीला मुकादमाची गाडी पाड्यावर आली, हात कमी पडत होते, आणि ही पण गेली. चार आठवड्यांत परत येते म्हणाली होती. आली नाही.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "ताई, खात्यावर पैसे आलेत. आता ते परत पाठवायचे का?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याहून जास्त मला आजही टोचतं ते वेगळंच. त्या जुलैत आपल्या शिक्षण निधीत पैसे होते. मी ते मागितलेच नाहीत, कारण देणाऱ्यांनी पावतीवर 'फीसाठी' असं लिहिलं होतं, आणि तिला तर फी नव्हती. हिशेब माझा चोख होता. लेखापरीक्षकांनी त्या वर्षी कौतुकही केलं.

तेव्हापासून मी हे पैसे कोणत्या वाटेनं येतात ते नीट शिकले. मुलगी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरते. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळं चढवावं लागतं. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे, मग प्रकल्प कार्यालयाकडे, मग मंजुरी. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५, त्यामुळे दोन तिजोऱ्या उघडाव्या लागतात. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा असला तर काम सोपं होतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर दाखल्याची नोंद कुठून आणायची? मग तहसिलीत जुनी कोतवाल बुकं शोधायची. एखादं पान सापडायला चार खेपा लागतात, आणि सुरगाण्याहून प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. (काही ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं घाबरून दाखलाच काढत नाहीत. धर्मामुळे अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. हे आपल्या मंडळीतूनच त्यांना कळायला हवं.)

आणि बँक! पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असं आपल्याला वाटतं. ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. एका मुलाची रक्कम आम्ही महिनाभर शोधत होतो. मोबाइलचं सिम घेताना त्याच्या नकळत एक खातं उघडलं गेलं होतं, ती तिथं जाऊन बसली होती.

मी सरकारवर टीका करायला उभी नाही. या शिष्यवृत्तीएवढा पैसा आपण सगळ्यांनी मिळून जन्मात गोळा केला नसता. २०१६ मध्ये स्वयं योजना आली तेव्हा नाशिकसारख्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले. चांगलीच रक्कम आहे. पण भूक रोज लागते आणि हप्ता त्याच्या वेळेनं येतो. २०१८ मध्ये वसतिगृहातल्या जेवणाऐवजी खात्यावर पैसे देण्याचं ठरलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते. फुकट मिळतंय तरी यांची तक्रार काय, असं तेव्हा आपल्यातही काहीजण म्हणाले. मीही मनात म्हटलं असेल.

आपल्या शरणपूरचं नाव काय सांगतं? एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणली गेली. त्यांना इथं छप्पर आणि जेवण मिळालं, आणि त्याबरोबर शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला. आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर आपण रविवार शाळेपासून ऐकतो. त्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार आधी दिले आणि वरचा खर्च परत येताना देईन म्हणाला. बिल आण, मग बघू, असं म्हणाला असता तर त्या जखमी माणसाला मालकानं आत घेतलं असतं का?

म्हणून माझी मागणी लहान आहे. या वर्षीच्या दानार्पणातली शिक्षणाची रक्कम 'फीसाठी' या शब्दातून मोकळी करा. जुलैत खोलीची अनामत आणि चार महिन्यांचा डबा द्यायचा, आणि शिष्यवृत्ती आली की मुलानं जमेल तेवढं परत करायचं, ते पुढच्या मुलासाठी. सगळे परत करणार नाहीत, हे आत्ताच सांगते. मूल ख्रिस्ती आहे का हे विचारायचं नाही, हेही आत्ताच सांगते. आणि ज्यांना पैसे देणं शक्य नाही पण कॉम्प्युटर येतो, त्यांनी शनिवारी दोन तास फॉर्म भरायला बसावं. अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि दुसऱ्या वर्षी तो राहून गेलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. निवृत्त बँकवाले आपल्यात निदान चौघे आहेत. मी नावं घेत नाही, ते माझ्याकडेच बघत आहेत.

ती मुलगी आता द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. बी.एस्सी. राहिली ती राहिलीच, पण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला तिनं नाव घातलं आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. तिचा धाकटा भाऊ बारावीला आहे, त्याला पुढच्या जूनमध्ये नाशिकला यायचं आहे. त्याचा जातीचा दाखला तिनं काढून ठेवला आहे, आधार कोणत्या खात्याला जोडलंय तेही बँकेत जाऊन बघून आली. मग म्हणाली, "ताई, फीचं मला माहीत आहे. खोलीचं बोला."

मी तिला सांगितलं, कापणीच्या सणानंतर फोन कर.