साठवलेलं आणि साठलेलं



‘साठेबाज’ हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. कांदा चढला, तूरडाळ महागली की तो वर्तमानपत्रात हमखास उगवतो. त्याच्यासाठी १९५५ सालचा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे, गोदामांवर छापे आहेत. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ती माणसंही साठा करतात. पण ती साठेबाज नाहीत. ती काही विकत नाहीत. विकवत नाही, देववत नाही, टाकवत नाही, हेच त्यांचं दुखणं. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत धड शब्द नाही. ‘चिकट’, ‘पसारेवाली’, ‘डोक्यानं जरा अशी’ एवढ्यावर आपण भागवतो.

डॉक्टरांकडेही या दुखण्याला बरीच वर्षं स्वतःचं नाव नव्हतं. मंत्रचळाचाच एक प्रकार म्हणून ते नोंदलं जाई. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो वेगळा आला. इंग्रजीत त्याला ‘होर्डिंग डिसॉर्डर’ म्हणतात. आपल्याकडे होर्डिंग म्हणजे चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, त्यामुळे तोही शब्द फारसा उपयोगाचा नाही.

आता, वस्तू जपणं म्हणजे आजार नव्हे. माळ्यावरचा तांब्याचा बंब, मुलं मोठी झाली तरी उभा असलेला पांगुळगाडा, श्रीखंडाचे रिकामे डबे कुणाच्या घरी नाहीत? लग्नपत्रिकेवर गणपती असतो म्हणून ती केरात जात नाही. आमच्या मोहल्ल्यात उर्दू वर्तमानपत्र रद्दीवाल्याला देताना हात थबकतो, कारण कुठल्या ओळीत अल्लाचं नाव असेल सांगता येत नाही; असे कागद वेगळे जमवून पुरतात किंवा पाण्यात सोडतात. पाठीवर गाठोडं घेऊन भांडी विकणारी बोहारीण आली की जुन्या लुगड्यावर आणि पँटींवर तासभर घासाघीस चाले. आपल्या घरांना वस्तू बाहेर जाण्याच्या अशा वाटा होत्या. दुखणं सुरू होतं ते या वाटा आतून बंद झाल्या की. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर शिजवता येत नाही, न्हाणीत बादली ठेवायला जागा नाही, आणि तरी एक चिंधी उचलली की जीव कासावीस होतो.

आमच्या गल्लीतल्या एका खालाबद्दल सांगतो. उभ्या आयुष्यात तिनं वाकळा शिवल्या. तिच्या हातचा टाका इतका बारीक की बाहेरगावहून बायका जुनी लुगडी घेऊन यायच्या. पुढं बोटं आखडली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शिवण थांबली. कापड येणं मात्र थांबलं नाही. शिंप्याच्या दुकानापुढची कातरणं, कुणी टाकलेले पडदे, लग्नाच्या मांडवातले फाटके झालर-तुकडे. गाठोड्यावर गाठोडं आढ्याला टेकलं. दारापासून चुलीपर्यंत वीतभर वाट, तिच्यातून ती आडवी होऊन जायची. कुणी काही म्हटलं की म्हणायची, “रहने दे बाबा, वाकळ कू काम आता.”

तिचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्यानं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला पंधरा दिवस आपल्याकडे नेलं आणि मागं भावकीतल्या पोरांनी घर रिकामं केलं. दोन ट्रॉल्या भरल्या. भिंतींना चुना लावला, नवा पलंग आणला. सगळ्यांना वाटलं, म्हातारी खूश होईल. ती उंबऱ्यावर उभी राहिली, आत पाहिलं, आणि “मेरा घर किधर है?” एवढंच विचारलं. पुढचे कित्येक दिवस तिनं मुलाशी बोलणं टाकलं. वर्षाच्या आत घर पुन्हा भरलं आणि या वेळी दार कुणालाच उघडेना.

हे एकट्या खालाचं नाही. जगभरच्या जाणकारांचा अनुभव हाच आहे की, माणसाच्या माघारी किंवा जबरदस्तीनं केलेली साफसफाई टिकत नाही. घर लवकरच पुन्हा भरतं आणि विश्वास मात्र परत येत नाही. या आजाराची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते, दर दशकाला तो वाढतो आणि म्हातारपणी डोळ्यांत भरतो. पुष्कळदा घरात आधीच्या पिढीतही असं कुणी असतं. एखादं माणूस गेलं, घर सुटलं, असा धक्का बसला की तो बळावतो. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत शंभरात दोन-तीन माणसं अशी आढळतात.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कोलियर बंधूंची गोष्ट जुनी, पण सांगण्यासारखी आहे. होमर आणि लँगली, दोघेही शिकलेले, चांगल्या घरातले. होमरची दृष्टी गेली. ती परत आली की त्याला वाचायला हवीत म्हणून लँगली वर्तमानपत्रं जमवत राहिला. घरात बारा-चौदा पियानो, मोटारीचे सुटे भाग आणि कागदांच्या बोगद्यांतून जाण्यायेण्याच्या वाटा. १९४७ च्या मार्च महिन्यात होमर मृतावस्थेत सापडला. लँगलीचा शोध शहरभर सुरू झाला. तो सापडला आठ एप्रिलला, भावापासून दहाएक फुटांवर. चोरांसाठी त्यानंच रचलेला ढीग त्याच्या अंगावर कोसळला होता, आणि त्याच्या हातून घास घेणारा आंधळा भाऊ पलीकडे अन्नावाचून गेला होता. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं. लोक ही गोष्ट हसून सांगतात. मला त्यात आधी दिसतो तो भावासाठी रोजचा पेपर घडी घालून ठेवणारा माणूस.

धोका मात्र खराच आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या अग्निशमन दलानं १९९९ ते २००९ या दहा वर्षांतल्या आगींचा हिशेब मांडला. घरांना लागलेल्या आगींपैकी अशा खच्चून भरलेल्या घरांतल्या आगी होत्या जेमतेम पाव टक्का. पण टाळता आले असते अशा मृत्यूंपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू या घरांत झाले. कारण उघड आहे. जळायला भरपूर, पळायला वाट नाही, आणि जवानांना आत शिरायला जागा नाही. आपल्याकडे त्यात सिलिंडरची भर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत गाठोड्यांच्या फटींत साचून राहतो, खिडकी उघडली तरी लवकर जात नाही. एकाच बोर्डावर लटकलेल्या चार वायरी, उंदरांनी कुरतडलेली नळी, वाळवी, आणि म्हातारपणी पाय अडकून खुबा मोडणं, हे वेगळंच.

मग करायचं काय? खालाच्या बाबतीत वाट काढली ती आमच्या भागातल्या आशा सेविकेनं. ही पोर पहिले तीन-चार वेळा नुसती दारात बसून गेली. ‘कचरा’ हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. खाला ज्याला ‘कपडा’ म्हणायची त्याला तीही ‘कपडा’च म्हणे. मग एकदा म्हणाली, “खाला, सगळं राहू दे. फक्त शेगडीभोवती दोन हात जागा करू. पेटलं तर तुझा कपडाच जळेल ना?” हे खालाला पटलं. घर स्वच्छ करायचं असं कुणी म्हटलंच नव्हतं. कापड वाचवायचं म्हटलं होतं. प्रत्येक तुकडा खालानं स्वतःच्या हातानं उचलला, कुणाचा, कधीचा ते सांगितलं, आणि पोरीनं ऐकून घेतलं. शेगडीनंतर विजेचा बोर्ड, मग पलंगापासून दारापर्यंतची वाट, मग दार पूर्ण उघडण्याइतकी जागा. सहा-सात महिने लागले. बाकीची गाठोडी आजही आहेत, पण छातीच्या खालीच.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. घर नीटनेटकं दिसणं हे आपलं समाधान, त्याची घाई नको. जीव वाचणं आधी. सामान कुणाचं, तर त्या माणसाचं. काय जायचं ते त्यानंच ठरवायचं. परदेशात फ्रॉस्ट आणि स्टेकेटी या संशोधकांच्या गटानं तयार केलेली नऊ छायाचित्रांची एक मालिका वापरतात. रिकाम्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. ‘तुमची खोली यातल्या कुठल्या चित्रासारखी?’ एवढंच विचारायचं. शब्दाशब्दीत जे तंटे होतात ते आकड्यावर टळतात.

या आजारासाठी खास बेतलेली वर्तनोपचाराची पद्धत आहे. उपचार करणारा घरी येतो, निवडण्याची आणि नवं न आणण्याची सवय हळूहळू लावतो. गोळीनं साठवण सुटते असं नाही; पण अशा अनेकांना उदासीनं ग्रासलेलं असतं आणि तिच्यावर औषध आहे. पूर्वी टापटीप असलेलं माणूस उतारवयात एकाएकी ढीग लावू लागलं, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी जरूर करून घ्यावी. घरातल्यांचंही कुणी ऐकायला हवं. मैत्रिणीला घरी बोलावू न शकणारी मुलगी, स्वयंपाकाला जागा नसलेली सून, यांच्या संतापाला कारण आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, आणि फोन रुग्णानंच करायला हवा असं नाही.

शेजारी असं घर असेल तर आत कोण राहतं, कुठल्या कोपऱ्यात झोपतं, सिलिंडर कुठं आहे, हे माहीत करून घ्या. आग लागलीच तर १०१ किंवा ११२ वर पत्त्याबरोबर ‘घर सामानानं भरलेलं आहे, वाट अरुंद आहे, म्हातारं माणूस मागच्या खोलीत आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. जवान त्या तयारीनं येतात.