सुरकुत्या, व्यायाम आणि वयाची भीती

(मुलुंड येथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सुरकुत्या हा काय आपल्या बैठकीचा विषय आहे का, असं तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात आलं असेल. रेशन, पाणी, मारहाणीच्या केसेस सोडून चेहऱ्याच्या व्यायामावर काय बोलायचं? पण घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, जीभ बाहेर काढा, दहा वर्षांनी तरुण दिसाल, असं बायका मोबाईलवर बघतात. पहिले धडे फुकट, पुढचे पैसे भरून. विचारणाऱ्यांमध्ये दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या आणि ऑफिसात रिसेप्शनला बसणाऱ्या जास्त. ‘चाळिशी दिसायला लागली की आम्हाला आत माल मोजायला बसवतात,’ असं एकीनं सांगितलं. तेव्हा हा प्रश्न नुसता नटण्याचा नाही, पोटाचाही आहे. म्हणून आधी या व्यायामाबद्दलचे गैरसमज बघू आणि मग वयाच्या भीतीकडे येऊ.

पहिला गैरसमज असा, की व्यायामानं पोट-दंड घट्ट होतात, तसा चेहराही होणार. हातापायांचे स्नायू बहुतेक हाडाला जोडलेले असतात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र थेट त्वचेत शिरलेले असतात. म्हणून तर आपण हसतो, रागावतो ते दिसतं. स्नायू आखडला की वरच्या त्वचेला घडी पडते, आणि तीच घडी वर्षानुवर्षं पडून तिची रेषा होते. कपाळावरच्या आठ्या अशाच येतात. डॉक्टर सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, ते स्नायू बळकट करत नाही, काही महिन्यांपुरता ढिला पाडतं. म्हणजे व्यायामाच्या बरोबर उलट काम! व्यायामानं फार तर त्वचेखालचा स्नायू थोडा भरतो. त्वचा जुनी व्हायची थांबत नाही.

दुसरा गैरसमज : ‘हे विज्ञानानं सिद्ध झालंय.’ ज्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, तो अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रिया होत्या. शेवटपर्यंत टिकल्या १६. त्यांनी आठ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड अर्धा तास व्यायाम केला. फोटो पाहून डॉक्टरांनी त्यांचं वय सरासरी ५०.८ वरून ४८.१ असं अंदाजलं. चेहऱ्याची २० लक्षणं तपासली होती, त्यांतल्या गालांच्या वरच्या आणि खालच्या भरीवपणातच ठळक फरक दिसला. व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांचा गट तुलनेला नव्हता. व्यायामाची पद्धत शिकवणारा शिक्षक स्वतः संशोधकांपैकी एक होता. अभ्यास खोटा नाही, पण फार छोटा आहे. गाल किंचित भरतील, एवढंच त्यावरून म्हणता येतं. दहा वर्षं कुठून आली, हे जाहिरातवाल्यांना विचारायला हवं.

आणि वेळेचा हिशेब करा. या वीस आठवड्यांत सुमारे पन्नास तास जातात. पहाटे पाण्याला उठून, डबे करून, गर्दीची लोकल पकडणाऱ्या बाईनं हे तास काढायचे कुठून? झोपेतूनच ना?

तिसरा गैरसमज : ‘हा आपला प्राचीन योग आहे.’ जीभ बाहेर काढण्याचं सिंहासन आपल्याकडे जुनंच आहे. पण हठयोगप्रदीपिकेत त्याचं फळ सांगितलंय ते तीन बंध साधण्याचं. सुरकुत्यांचा तिथे उल्लेख नाही. आपल्या अंधेरीतल्या वर्सोव्याला १९१८ साली योगेंद्रजींनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती पुढे सांताक्रूझला गेली. शरीर-मनाच्या आरोग्यासाठी योग ही तिथली परंपरा. तिचं नाव घेऊन कुणी तारुण्य विकत असेल, तर तो धंदा आहे.

चौथा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. ‘तू स्वतःकडे लक्ष दिलं नाहीस, म्हणून अशी दिसतेस.’ त्वचा कशानं जुनी होते ते बघा. वयानं, उन्हानं, तंबाखूच्या धुरानं. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. त्यात बाईचा काय गुन्हा? उन्हाचं म्हणाल, तर अमेरिकेत २८ वर्षं मालाची गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खिडकीच्या बाजूचा अर्धा चेहरा खोल सुरकुत्यांनी भरलेला, दुसरा अर्धा बराच नितळ. चेहरा एकच, फरक उन्हाचा. मग रस्त्यावर मासळी-भाजी विकणारी, बांधकामावर घमेली उचलणारी आपली बाई लवकर वयस्क दिसते, ते तिच्या आळसामुळे की तिच्या कामामुळे? तिला सावली मिळवून देणं हे गाल फुगवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

चेहऱ्याच्या व्यायामाची खरी गरज असते, तीही सांगते. तोंड वाकडं झालेल्या रुग्णांना फिजिओथेरपिस्ट तो शिकवतात. पण अचानक तोंड वाकडं झालं, तर व्हिडिओ बघत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, ताबडतोब रुग्णालय गाठा. नुसती चेहऱ्याची नस सुजली असेल, तरी औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं.

आता वयाच्या भीतीकडे येते. ती बाईच्या मनात आपोआप उगवत नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचा खटला आठवा. पुरुष कर्मचारी ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत, आणि हवाईसुंदरी ३५ व्या वर्षी निवृत्त. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झालं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच. मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट आणि ही बेलगाम मर्जी रद्द केली. लग्नाची अट मात्र राहिली. पुरुषांइतक्या वयापर्यंत नोकरी मिळवायला त्यांना पुढेही बरीच वर्षं झगडावं लागलं. त्या बायकांनी सुरकुत्या लपवल्या नाहीत, नियमाला हात घातला.

कुणाला गाल फुगवून बरं वाटत असेल, ताण हलका होत असेल, तर तिनं खुशाल करावं. त्याला पैसे लागत नाहीत आणि कुणी तिला हसू नये. पण पैसे भरण्याआधी आपल्या गटात विचारा : दावा काय, पुरावा काय, परतफेड मिळेल का? फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या भागातल्या दोन दुकानांत किंवा ऑफिसांत विचारून यावं : चाळिशी उलटलेल्या बायका समोर किती, आत किती, आणि पुरुष किती? ती यादी हातात आली की मालकांशी काय बोलायचं, ते आपण मिळून ठरवू.