भिंतीवरचे चित्र आणि गच्चीवरचे धुके

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दाराशेजारी एक रंगीत चित्र कित्येक वर्षे लावलेले होते. निळ्या-हिरव्या उजेडात उभे असलेले तीन तपकिरी खांब, वारुळांसारखे खडबडीत, आणि त्यांच्या टोकांना प्रकाशाची किनार. एका विज्ञान मासिकातून काढून मीच ते पुठ्ठ्यावर चिकटवले होते.

हबल या अवकाश दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेले हे छायाचित्र. ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’, म्हणजे ‘निर्मितीचे स्तंभ’, या नावाने ते जगभर गाजले. हे खांब आहेत थंड वायूचे आणि धुळीचे. गरुड तेजोमेघ नावाच्या ढगात, आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर. त्यांच्या पोटात नवे तारे जन्माला येत आहेत आणि शेजारच्या तरुण, तप्त ताऱ्यांच्या झोताने ते हळूहळू झिजतही आहेत. सर्वांत उंच खांब सुमारे चार प्रकाशवर्षांचा. सूर्यापासून सर्वांत जवळचा तारा जेवढा लांब, जवळजवळ तेवढी त्या एका खांबाची उंची!

नवा वर्ग प्रयोगशाळेत आला की मुले आधी त्या चित्रापुढे थबकत. “सर, याचा कोपरा जिन्यासारखा का कापलाय?” हा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर मला येत होते. हबलच्या त्या कॅमेऱ्याचे चार भाग होते. त्यांतला एक इतरांपेक्षा बारीक पाहणारा. त्याचे चित्र बाकीच्यांच्या मापात बसवताना लहान करावे लागे आणि उरलेली जागा काळी राही. तेवढे सांगितले की मला बरे वाटायचे. पण एका मुलीने मला अडचणीत टाकले, त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

२००३ सालचा जानेवारी महिना. मागून आणलेली एक लहान दुर्बीण घेऊन आम्ही शाळेच्या गच्चीवर जमलो होतो. भारनियमनाने त्या रात्री आमच्यावर उपकारच केले. साऱ्या गावात मिट्ट काळोख. स्तंभांचा तेजोमेघ हिवाळ्यातल्या संध्याकाळी दिसत नाही, म्हणून मी दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळवली. व्याधाचा बाण म्हणून आपण जे तीन तारे ओळखतो, त्यांच्या जरा खाली असाच एक तेजोमेघ आहे. तोही ताऱ्यांचे पाळणाघरच. मुले रांगेत उभी होती. आठवीतल्या एका मुलीने बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाली, “सर, हे तर नुसतं धुकं आहे. मग आपल्या भिंतीवरचं चित्र कुणी रंगवलंय का?”

“आपली दुर्बीण लहान आहे ना, म्हणून,” मी म्हणालो. तिने मान हलवली, पण तिचे समाधान झाले नव्हते. माझेही झाले नव्हते. वर्गात ‘कुणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका’ असे बजावणारा मी. आणि माझ्याच भिंतीवरचे चित्र आता संशयात सापडले होते.

मग मी वाचू लागलो. हबलचा कॅमेरा आपल्यासारखा रंगीत फोटो काढतच नाही, हे मला तेव्हा कळले. तो वेगवेगळ्या गाळण्या लावून एकामागून एक काळे-पांढरे फोटो काढतो. स्तंभांच्या वेळी एका गाळणीतून फक्त गंधकाचा प्रकाश घेतला, दुसरीतून हायड्रोजनचा, तिसरीतून ऑक्सिजनचा. नंतर गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देऊन तिन्ही चित्रे एकावर एक बसवली. म्हणजे मुलीची शंका खरी होती. रंग माणसांनी दिलेले होते!

पण का दिले, हे कळल्यावर मन शांत झाले. गंधक आणि हायड्रोजन, दोघांचाही हा प्रकाश मुळात लालच. दोन्ही लाल ठेवले असते तर कोणता वायू कुठे आहे, हे कुणालाच कळले नसते. म्हणून त्यांना वेगळे केले. तेही मनाला येईल तसे नाही: ज्याची तरंगलांबी सर्वांत जास्त त्याला लाल, मधल्याला हिरवा, सर्वांत कमी त्याला निळा. क्रम बदललेला नाही. गाणारे हे लगेच ओळखतील. एखादे गाणे आपल्या गळ्याला झेपत नसेल, तर आपण ते आपल्या पट्टीत घेतो. पट्टी बदलते, चाल तीच राहते. अवकाशातला प्रकाश आपल्या डोळ्यांच्या पट्टीत आणणे, असे हे काम आहे.

आणि गच्चीवरचे धुके? तेही खोटे नव्हते. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. चांदण्यात अंगणातले जास्वंदीचे फूल पाहा, ते काळपट दिसेल. शिवाय कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवू शकतो. डोळ्याला ते जमत नाही.

पुढच्या तासाला मी लाल जिलेटिनचा कागद आणला. पांढऱ्या कागदावर लाल आणि हिरव्या खडूने अक्षरे लिहिली. जिलेटिनमधून पाहिल्यावर लाल अक्षरे नाहीशी झाली आणि हिरवी काळी दिसू लागली. गाळणी म्हणजे काय, हे मुलांना समजले. मग सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलीला म्हणालो, “त्या दिवशी मी तुला अर्धेच उत्तर दिले होते.” उरलेले अर्धे सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग चित्राखाली तसं लिहा ना, सर.”

तिचे खरे होते. चित्राखाली मी पट्टी चिकटवली: लाल म्हणजे गंधक, हिरवा म्हणजे हायड्रोजन, निळा म्हणजे ऑक्सिजन. त्यानंतर मुले चित्रापुढे जास्त वेळ उभी राहू लागली. आधी ती ‘किती छान’ म्हणून पुढे जात. आता हायड्रोजन कुठे आहे ते बोटाने दाखवत.

मी निवृत्त झालो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जेम्स वेब या नव्या दुर्बिणीने काढलेले त्याच स्तंभांचे चित्र आले. ही दुर्बीण अवरक्त प्रकाशात पाहते, जो आपल्या डोळ्यांना मुळी दिसतच नाही. त्या प्रकाशात धूळ बरीचशी पारदर्शक होते. एके काळी भरीव वाटलेले ते खांब आता विरळ झाले होते आणि त्यांच्या आतबाहेर असंख्य तारे चमकत होते. नातवाने विचारले, “आजोबा, कोणतं खरं?” मी म्हणालो, “दोन्ही. एक बाहेरून पाहिलेलं, एक आत डोकावून.”

श्रोतेहो, अशी चित्रे आता सहज पाहायला मिळतात. जरूर पाहा. पण एकदा हिवाळ्यात, गावाच्या दिव्यांपासून जरा दूर जाऊन, व्याधाच्या बाणाखालचे ते धुकेही शोधा. साधी द्विनेत्री पुरते. तो प्रकाश सुमारे १,३५० वर्षांपूर्वी तिथून निघाला, बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते तेव्हा. इतकी वर्षे वाटेत कुठे न अडता तो थेट तुमच्या डोळ्यात येऊन थांबतो. चित्रात रंग अधिक आहेत, तपशीलही अधिक. पण तो शेवटचा मुक्काम मात्र चित्राला दाखवता येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)