नकाशावरचा हिरवा पट्टा आणि बोअरची जागा

भूजलाविषयी श्रोत्यांकडून येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: उपग्रहावरून जमिनीखालचे पाणी दिसत असेल, तर आपल्या गटात बोअर नेमकी कोठे घ्यावी? नकाशे ज्यांच्या प्रतिमांवरून काढले जातात, त्या उपग्रहांना जमिनीखालचे पाणी दिसत नाही. त्यांना पृष्ठभाग दिसतो, आणि तेथील खुणांवरून खाली पाणी साठण्यास परिस्थिती कितपत अनुकूल आहे, याचे अनुमान अभ्यासक करतात. हे अनुमान म्हणजेच भूजल संभाव्यता नकाशा होय.

पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीच्या खोऱ्यात हे चांगले समजते. पुरंदरच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करून नीरेला मिळते आणि तिचे बहुतांश खोरे पर्जन्यछायेत येते. येथील बेसॉल्ट हा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा खडक असून त्याच्या घट्ट काळ्या पाषाणात पाणी केवळ सांध्यांत व भेगांत राहते, तर झिजून मुरूम झालेल्या भागात आणि भेगाळलेल्या, झिजलेल्या मांजऱ्या खडकात ते तुलनेने अधिक साठते.

नकाशा करताना उतार, भूरूपे, खडक, मृदा, जमिनीचा वापर, पाऊस, निचरा घनता आणि रेषाकृती यांचे थर संगणकावर एकमेकांवर ठेवले जातात आणि प्रत्येकाला त्याच्या महत्त्वानुसार भारांक दिला जातो. निचरा घनता, म्हणजे एक चौरस किलोमीटरमधील ओढ्यांची एकूण लांबी, जास्त असेल तर पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते, असे सामान्यतः मानतात. प्रतिमेत सरळ रेषेसारख्या दिसणाऱ्या खुणांना रेषाकृती म्हणतात. त्यांतील काही पाणी वाहून नेणाऱ्या भेगा असतात, तर काही डाइक, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या भिंती असतात. घट्ट डाइक पाणी अडवते, त्यामुळे तिच्या चढाकडील विहिरीला पाणी असते आणि उताराकडील विहीर कोरडी राहू शकते; रेषाकृती म्हणजे भेग की डाइक, हे मात्र प्रतिमेवरून नेहमी कळत नाही.

म्हणून श्रोत्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: या नकाशावर बोट ठेवून बोअर घेऊ नये. उतार ज्यांवरून काढतात त्या उंचीच्या आकड्यांसाठी नेहमी वापरली जाणारी माहिती 30 मीटर बाजूच्या चौकटींची असते, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांना मिळून एकच आकडा, आणि बोअर तर वीतभर रुंदीची. शिवाय नकाशातील हिरवा रंग, म्हणजे चांगल्या संभाव्यतेची खूण, ज्या खोऱ्याचा नकाशा असेल त्याच्यापुरताच असतो; कऱ्हेच्या खोऱ्यातील ‘अतिउत्तम’ पट्टा तापीच्या गाळाच्या प्रदेशातील ‘मध्यम’ पट्ट्यापेक्षाही कमी पाणी देऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या पट्ट्यातून आजवर किती उपसा झाला, हे अशा नकाशात बहुधा मोजलेलेच नसते, त्यामुळे संभाव्यता हिरवी असूनही खडक रिकामा असू शकतो. दागिने गहाण ठेवून एकाच गटात तिसरी, चौथी बोअर घेणाऱ्या कुटुंबांची अवस्था पाहिली, तर मोबाइलवर नकाशाचा तुकडा दाखवून जागा सुचवणाऱ्यांनी हा उद्योग तत्काळ थांबवावा, असेच म्हणावे लागते. लोकांच्या आयुष्याची पुंजी अशी पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जागा ठरवायची तर त्या शेतातच विद्युत रोधकता सर्वेक्षण करून घ्यावे, म्हणजे जमिनीत वीजप्रवाह सोडून खालच्या थरांचा रोध मोजावा, आणि शेजारच्या विहिरींचे थर पाहावेत. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे, हेही विसरू नये.

नकाशाचा खरा उपयोग गावाला आहे. पाझर तलाव कोठे बांधावा, कोणत्या पट्ट्यात पाणी मुरवावे आणि कोठे उसाऐवजी ज्वारी किंवा हरभरा घ्यावा, हे ग्रामसभेने तो समोर ठेवून ठरवावे, आणि तो कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी मे व ऑक्टोबर महिन्यांत निवडक विहिरींची पाणीपातळी दरवर्षी मोजून वहीत नोंदवावी.