बाबांचा पाय नव्हे, गाडीचा पाईप

आजचा विषय: अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना गाडी आपोआप रेस का होते? पण सुरुवात एका माफीपासून करतो.

मागच्या पावसाळ्यात बाबा गाडी गेटमधून आत घेत होते. रंकाळ्याजवळची आमची गल्ली अरुंद. गाडीनं एकदम उसळी घेतली आणि भिंतीला टेकवलेली शेजारच्या पोराची सायकल चेपली. नशीब, पोरगं घरात होतं. बाबा म्हणाले, "मी रेस दिलीच नाही. गाडी आपोआप ओढतीय. आणि ब्रेकपण जड लागतोय."

आम्ही काय म्हणालो? "बाबा, पाय चुकला असेल. वय झालं, आता गाडी पुरे." त्यांनी काही न बोलता किल्ली फ्रिजवर ठेवली. परत हात लावला नाही.

दोन आठवड्यांनी मी तीच गाडी घेऊन जोतिबाला निघालो. केर्लीजवळ ट्रॅफिक लागलं. गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर. तरी काटा १८०० वर गेला, मग १००० वर आला, परत १८००. वूंऽऽ... वूंऽऽ... गरम इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमला शांत चालायला पाहिजे. माझ्या पोटात गोळाच आला. बाबा खरं बोलत होते!

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०५०७. अर्थ: आयडल आरपीएम अपेक्षेपेक्षा जास्त. त्यांनी आयडल व्हॉल्व्ह बदलला. मी खूश: एरर आली, पार्ट बदलला, तिकीट क्लोज! आठ दिवसांत तेच परत. अहो, मी रोज कोड लिहितो. एरर ज्या ओळीवर दिसते, बग त्याच ओळीत असतो असं नाही, हे मला कळायला नको? पी ०५०७ हे लक्षण आहे, कारण नाही.

मग गेलो उद्यमनगरला. ऑईल इंजिनं आणि कास्टिंगवर वाढलेला आपला भाग. तिथले एक मिस्त्री मामा म्हणाले, "कोड ऱ्हाऊ दे बाजूला. गाडी चालवणारा काय म्हणतोय, ते सांग."

मी बाबांच्या दोन्ही तक्रारी सांगितल्या: गाडी ओढते, ब्रेक जड. मामांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनपासून ब्रेक बूस्टरकडं जाणारा जाड रबरी पाईप फडकं लावून पक्कडीत दाबला. आवाज खाली बसला! पाईपच्या बाकाखाली चीर होती, वरून दिसतच नव्हती.

आता लॉजिक बघा. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर तुमच्या पायाला मदत करतो. पाईप फाटला की दोन गोष्टी होतात. बूस्टरला व्हॅक्यूम कमी पडतो, म्हणून ब्रेक जड. आणि चिरेतून जास्तीची हवा आत शिरते. आमच्या गाडीत इनटेकचा दाब मोजणारा सेन्सर आहे. दाब वाढला की ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, आरपीएम चढतो. मग ईसीयूला वाटतं, पाय सोडलाय आणि आरपीएम जास्त आहे, म्हणजे गाडी उतारावर असणार. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडला की परत सोडतो. झाला लूप! यालाच हंटिंग म्हणतात.

तक्रारी दोन, भोक एक. आणि आम्ही दोन्हीचं खापर वयावर फोडलं.

तुमच्यासाठी घरची टेस्ट: गाडी सपाट जागी, न्यूट्रलला, हँडब्रेक लावून. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर बूस्टर किंवा पाईप तपासून घ्या. आधी फ्लोअर मॅट पेडलमध्ये अडकलंय का, तेही बघा. सकाळी थंड इंजिन किंवा एसी लावल्यावर आरपीएम थोडा वाढतो, ते नॉर्मल आहे.

चालत्या गाडीत रेस अडकली तर? क्लच दाबा, न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा. पंप करू नका, उरलेला व्हॅक्यूम संपतो. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

पाईप बदलला. खर्च किरकोळ. शेजारच्या पोराला नवीन सायकल दिली. त्या रात्री फ्रिजवरची किल्ली बाबांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाबा, चुकलं आमचं." ते म्हणाले, "चल, रंकाळ्याला चक्कर मारून येऊ. मी चालवतो."

तर मंडळी, घरातलं कुणी म्हणालं गाडी वेगळी वागतीय, तर आधी ऐकून घ्या. स्कॅनर नंतर. भेटू पुढच्या एपिसोडला!