जूनपर्यंत कशाला थांबायचं?

(टाकवे बुद्रुक येथे ग्रामसंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताची झोडणी उरकली, म्हणून आज हजेरी चांगली आहे. बचत गोळा झाली, परतफेड झाली, दोन कर्जमागण्या मंजूर झाल्या. आता विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय, शिक्षण. आपल्या दशसूत्रीतलं हे सूत्र. पण खरं सांगू का, दर महिन्याला आपण त्याच्यापुढं 'चर्चा झाली' असं लिहितो आणि चहा घेऊन उठतो. आज चहा थोडा थांबू द्या.

तायांनो, आपलं टाकवे आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. कान्हे फाट्यावरून आत आलं की कंपन्यांची गेटं लागतात. कामासाठी माणसं येतात. कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून, कुणी थेट बिहार-उत्तर प्रदेशातून. खोल्या भाड्यानं जातात, आपल्यातल्या काहींच्याच खोल्या आहेत. भाडं घेताना आपण विचारतो, माणसं किती, पाणी किती लागेल, डिपॉझिट कधी देणार. 'मुलं कोणत्या शाळेत घालणार?' असं किती जणींनी विचारलंय? हात वर करा. बघा, दोनच हात.

मीही विचारत नव्हते. म्हणून आधी माझी चूक सांगते, मग कायदा सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावात राहत होते. गटाची सचिव होते, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीवरही माझं नाव होतं. दिवाळीनंतर एक बाई तिच्या मुलीला घेऊन शाळेत आली. नवऱ्याला जवळच काम लागलं होतं म्हणून सगळं घर उचलून आले होते. पोरगी चौथीत होती. शाळेत तिला सांगितलं, दाखला आणा. दाखला गावाकडं. मग म्हणाले, आता अर्धं वर्ष संपलं, जूनमध्ये या. मी तिथंच खुर्चीवर बसले होते, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब बघत. मी एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, शाळेचा नियम असंल.

त्या बाईची जाऊ आमच्या गटात होती. पुढच्या बैठकीला तिनं दीड हजार रुपये कर्ज मागितलं, जावेला गावाकडं जाऊन दाखला आणायला. आम्ही लगेच मंजूर केलं, महिना दोन टक्क्यांनी. मला तर बरंच वाटलं, म्हणलं बाईला आपण मदत केली. ती गेली, चार दिवसांची मजुरी बुडवली, आणि परत आली तर शाळेचं उत्तर तेच, आता जूनमध्येच या.

पोरगी जूनपर्यंत घरी राहिली. घरी म्हणजे काय, धाकट्या भावाला कडेवर घेऊन खोलीच्या दारात. जूनमध्ये तिला परत चौथीतच बसवलं. तिच्या वयाच्या पोरी पाचवीत. ती वर्गात मागं बसायची आणि कुणी नाव विचारलं तरी खाली बघायची. हे मी रोज बघत होते.

पुढं एका प्रशिक्षणात मला शिक्षण हक्काचा कायदा वाचायला मिळाला. त्यात सरळ लिहिलेलं होतं की दाखल्याला उशीर झाला या कारणानं प्रवेश लांबवता येत नाही आणि नाकारताही येत नाही. म्हणजे ती फेरीच नको होती. ते दीड हजाराचं कर्जच नको होतं. आम्ही चुकीच्या कामाला कर्ज दिलं आणि त्यावर व्याजही घेतलं. तायांनो, ते व्याज अजून माझ्या मनात फिटलेलं नाही.

आता कायदा ऐका. लिहून घ्या, म्हणजे उद्या उपयोगी पडेल.

हा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. सक्ती हा शब्द ऐकला की आपण घाबरतो, आपल्यालाच दंड होईल असं वाटतं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापाला दंड होता. आजच्या कायद्यात सक्तीचा अर्थ सरकारवरची जबाबदारी असा आहे. मुलाला प्रवेश मिळेल, ते शाळेत येईल, शिक्षण पूर्ण करील हे सरकारनं बघायचं. पाहुण्यासारखं आलेलं, स्थलांतरित कुटुंबाचं मूल असेल तर त्याचा प्रवेश बघणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, असं कायद्यात वेगळं लिहिलंय.

एक. दाखला. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं, राज्यातल्या राज्यात किंवा परराज्यातून. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. पण तो हातात नसला तरी नवीन सरकारी किंवा अनुदानित शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. हल्ली मुलांची नोंद संगणकावर असते. नवी शाळा मागणी टाकते, जुनी शाळा मंजूर करते. कागदाचं काम शाळा-शाळांनी आपसात करावं, मुलानं तोपर्यंत वर्गात बसावं.

दोन. वयाचा पुरावा. जन्मदाखला नसेल तर प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा नर्सताईच्या रजिस्टरातली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, तेही नसेल तर आईवडिलांनी लिहून दिलेलं चालतं. आधारकार्ड नाही म्हणून शाळेत घ्यायचं नाही, हेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या निकालात ते स्पष्ट केलंय.

तीन. महिना. प्रवेश जूनमध्येच, असा नियम नाही. वर्षाच्या मधे आलेल्या मुलालाही नाही म्हणता येत नाही. नोव्हेंबर असो की फेब्रुवारी.

चार. वर्ग. मूल कधीच शाळेत गेलं नसेल किंवा मधे सुटलं असेल, तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष शिकवणी द्यायची. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचं नाही. प्रवेशासाठी परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही.

पाच. अंतर. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी, असं धरलंय.

आता कुणी विचारील, खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागांचं काय? त्या जागा सुरुवातीच्या वर्गासाठीच असतात, अर्ज ऑनलाइन असतो, सोडत निघते आणि मग प्रतीक्षा यादी. भाड्यानं राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. साध्या स्टॅम्पवर लिहिलेला चालत नाही. खोल्या देणाऱ्या तायांनी हे लक्षात ठेवा, नोंदणी करून दिलीत तर एखाद्या पोराचं भलं होईल. अर्ज जरूर करावा. पण यादीत नाव यायची वाट बघत मूल घरी बसवू नका. आधी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. यादी लागली तर पुढचं पुढं. मूल घरी बसलं की अभ्यास बुडतोच, आणि दुपारचा पोषण आहारही बुडतो.

मी शिक्षकांना दोष द्यायला उभी नाही. एका वर्गात दोन इयत्ता, त्यात मधेच आलेलं, मराठी न येणारं मूल, हे सोपं नाही. पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक असते. शिक्षकांची पदं पटावर ठरतात. कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन असं धरलंय. नवीन मूल आलं तर पट वाढतो. आपल्याच पोरांची शाळा त्यानं टिकते. म्हणून भांडायला जाऊ नका. सोबत म्हणून जा.

जायचं कसं, ते सांगते.

मुलाची आई एकटी गेली तर दारातून परत येते. दोघी-तिघी तिच्याबरोबर जा. एक साधा अर्ज न्या: मुलाचं नाव, वय, आधीची शाळा आणि इयत्ता, आता कुठं राहतो, आणि 'दाखला मागवून घ्यावा, तोपर्यंत वर्गात बसू द्यावं ही विनंती'. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच घ्या. तोंडी नाही म्हणाले तर नम्रपणे म्हणा, 'सर, हे जरा लेखी द्या.' पुष्कळदा तिथंच काम होतं.

नाही झालं तर केंद्रप्रमुखांना भेटा. त्यापुढं वडगावला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी बसतात, त्यांना पोच जोडून लेखी तक्रार द्या. लेखी तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत द्यायचा असतो, त्यावर अपील राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडं होतं. पण तीन महिने म्हणजे अर्ध्या सत्राहून जास्त. म्हणून तक्रार चालू ठेवा आणि बोलणंही चालू ठेवा.

आणि आपल्यातल्या ज्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत त्यांना माझं खास सांगणं. त्या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असं कायदा म्हणतो. आपण तिथं सहीपुरत्या नाही आहोत. मी खुर्चीवर बसून गप्प राहिले. तुम्ही राहू नका. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, 'या महिन्यात प्रवेश मागायला कोण आलं होतं आणि त्यांना काय सांगितलं?'

शेवटी आजचा ठराव मांडते. प्रत्येक गटाच्या इतिवृत्त वहीत एक पान वेगळं ठेवायचं. त्यावर चार रकाने: गावात नवीन आलेलं घर, मुलांची वयं, शाळेत जातात का, नसतील तर सोबत कोण जाणार. महिन्याच्या बैठकीत ते पान वाचायचं. तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर अंगणवाडी सेविकाताईंना सांगायचं. आणि मावळातली जी कातकरी घरं वीटभट्टीला बाहेर जातात, त्यांची मुलं कुठं जातात तेही त्याच पानावर लिहायचं. येणाऱ्यांचं बघतो, तसं जाणाऱ्यांचंही बघायला पाहिजे.

मघाशी मंजूर केलेल्या दोन कर्जांपैकी एका अर्जावर कारण लिहिलंय, 'गावाकडून शाळेचा दाखला आणण्यासाठी'. मी मुद्दाम तेव्हा बोलले नाही. ती ताई इथंच बसली आहे, नाव घेत नाही. ताई, ते कर्ज आज उचलू नकोस. तिकिटाचे पैसे राहू देत. उद्या दहा वाजता पोराला अंघोळ घालून, दप्तर देऊन शाळेच्या फाटकाशी ये. मी येते. आणखी दोघी कोण येताय, हात वर करा.

आता चहा घेऊ.